निधीइतकीच वाटणीही महत्त्वाची : आयर्लंडच्या कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. मार्टिन हेडन,
कृषी, अन्न व सागरी खात्याचे मंत्री,
आयर्लंड सरकार, डब्लिन

विषय : 2028 ते 2034 या काळासाठीच्या युरोपीय सामायिक कृषी धोरणाच्या वाटाघाटींत आयर्लंड सरकारने घ्यावयाची भूमिका

महोदय,

सादर नमस्कार.

येत्या 1 जुलै 2026 रोजी युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद सहा महिन्यांसाठी आयर्लंडकडे येत आहे. पुढच्या सात वर्षांचा युरोपीय अर्थसंकल्पी आराखडा आणि त्याला जोडलेले नवे कृषी धोरण यांवरच्या वाटाघाटी नेमक्या त्याच सहा महिन्यांत ऐन भरात असतील आणि कृषिमंत्र्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान आपल्याकडे असेल. अध्यक्षपदी असलेल्या देशाने सत्तावीस देशांमध्ये तडजोड घडवून आणायची असते, स्वतःचे घोडे पुढे दामटायचे नसते, हा तिथला संकेत आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे आयर्लंडला स्वतःचे म्हणून जे सांगायचे आहे ते खुर्चीवर बसण्याआधीच लेखी आणि निःसंदिग्ध शब्दांत सांगून टाकले पाहिजे, या आग्रहापोटी हे पत्र लिहीत आहे. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे की, या देशात राहणारी, कर भरणारी आणि किमान स्थानिक निवडणुकांत मत देणारी बरीच मराठी कुटुंबे आता इथे आहेत आणि ज्या धोरणावर युरोपीय अर्थसंकल्पाचा जवळपास एक तृतीयांश भाग खर्च होतो त्यापासून त्यांनी दूर राहू नये, असे मला मनापासून वाटते.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या एका दूध-उसाच्या गावचा. क्लेअर काउंटीत राहतो आणि दूध प्रक्रिया करणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करतो. शेतावरून आलेल्या टँकरमधल्या दुधाचे फॅट, प्रथिने, सोमॅटिक पेशींची संख्या आणि प्रतिजैविकांचे अंश तपासणे हे माझे रोजचे काम आहे. सिंधुदुर्गातल्या वराड गावाशी नाते सांगणारे लिओ वराडकर दोनदा या देशाचे पंतप्रधान झाले, त्यामुळे महाराष्ट्रात आयर्लंडच्या राजकारणाविषयी थोडेफार कुतूहल आहे. इथल्या शेतीविषयी मात्र तिकडे फारसे ठाऊक नाही. 2020 च्या कृषी गणनेनुसार आयर्लंडमध्ये सुमारे 1 लाख 35 हजार शेते आहेत आणि एका शेताचे सरासरी क्षेत्र 33.4 हेक्टर आहे. आमच्याकडच्या दोन-तीन एकरांच्या खातेदाराला हा आकडा जमीनदाराचा वाटेल. परंतु पश्चिमेकडच्या काउंट्यांत त्यातली बरीचशी जमीन पाणथळ, खडकाळ किंवा पीटची आहे, तिच्यात गवताखेरीज काही येत नाही आणि त्या गवतावर वाढवलेल्या जनावरांच्या विक्रीतून घर चालत नाही. टॅगस्क या सरकारी कृषी संशोधन संस्थेची शेतीउत्पन्नाची पाहणी वर्षानुवर्षे हेच दाखवत आली आहे की, मांसासाठी गुरे आणि मेंढ्या पाळणाऱ्या शेतांवर युरोपीय संघाकडून मिळणारे अनुदान हे त्या कुटुंबाच्या शेतीतल्या निव्वळ उत्पन्नाएवढे किंवा त्याहूनही जास्त असते. म्हणजे अनुदान वजा केले तर शेती तोट्यात जाते.

माझ्या शेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण देतो. त्यांच्याकडे अठ्ठावीस हेक्टर जमीन आणि वीस-एक गाई आहेत. दूध विकण्यासाठी त्या गाई नाहीत. वासरू गाईलाच पिते, आठ-दहा महिन्यांचे झाले की मार्टमध्ये, म्हणजे गुरांच्या बाजारात, लिलावाला जाते आणि पूर्वेकडच्या सुपीक जमिनीवरचा दुसरा शेतकरी ते विकत घेऊन पुढे वाढवतो. शेजारी सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवतात आणि मधल्या वेळात गोठा, कुंपण व कागदपत्रे सांभाळतात. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मूळ अनुदान, लहान शेतांना पहिल्या तीस हेक्टरांवर मिळणारे जादा अनुदान, पर्यावरण योजनेचा हप्ता आणि दुर्गम भागाचा भत्ता यांच्या अपेक्षित तारखा पेनने लिहिलेल्या असतात. ब्रसेल्समध्ये ज्या कलमांवर चर्चा होणार आहे त्यांचा अर्थ या घरात त्या तारखांपुरता आणि त्यांच्यासमोरच्या रकमांपुरता असतो, आणि माझ्या मते तोच खरा अर्थ आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी संस्थेने, 16 जुलै 2025 रोजी मांडलेल्या प्रस्तावानुसार कृषी धोरणाचे सध्याचे दोन स्वतंत्र निधी, म्हणजे थेट अनुदानाचा एक आणि ग्रामविकासाचा दुसरा, मोडीत निघतील आणि प्रादेशिक विकासासह इतर अनेक बाबींबरोबर सुमारे 865 अब्ज युरोंच्या एकाच मोठ्या निधीत विलीन होतील. प्रत्येक देशाने त्यातून आपली एकच राष्ट्रीय योजना करायची आहे. शेतकऱ्यांच्या उत्पन्नाच्या आधारासाठी त्यातले सुमारे 300 अब्ज युरो राखून ठेवले जातील. सध्याच्या 2021 ते 2027 या काळात कृषी धोरणासाठी सुमारे 387 अब्ज युरोंची तरतूद आहे. उरलेल्या निधीतून ग्रामीण भागासाठी आणखी पैसे देता येतील असे आयोग म्हणतो आणि युरोपीय संसदेने तीव्र नाराजी दाखवल्यावर त्याने ग्रामीण भागासाठी किमान 10 टक्क्यांचे लक्ष्यही सुचवले; परंतु राखीव रकमेपलीकडचे पैसे शेतीकडे येतील की रस्ते, घरे आणि संरक्षणाकडे जातील हे त्या त्या देशाच्या अर्थखात्याच्या मर्जीवर राहील.

कृषी धोरणाला स्वतःचा वेगळा निधी आणि स्वतःची नियमावली हवी, ही भूमिका आपण जाहीरपणे घेतली आहे. तिला माझा संपूर्ण पाठिंबा आहे आणि त्यामागचे कारण आयर्लंडच्याच अलीकडच्या इतिहासात सापडते. 1994 साली सुरू झालेली ग्रामीण पर्यावरण संरक्षण योजना, जिला इथले शेतकरी आजही रेप्स या नावाने आठवतात, ती काही युरोपच्या आणि काही आयर्लंडच्या स्वतःच्या पैशांवर चालत असे. बँका बुडाल्या, तिजोरी रिकामी झाली आणि जुलै 2009 मध्ये त्या योजनेचे दार नव्या शेतकऱ्यांसाठी बंद करण्यात आले. त्याच काळात संपूर्णपणे युरोपीय निधीतून येणारे थेट अनुदान मात्र दरवर्षी ठरल्याप्रमाणे येत राहिले. राष्ट्रीय तिजोरीवर संकट आले की आधी कशाला कात्री लागते हे त्या वर्षी ज्यांनी पाहिले, त्यांना एकत्रित निधीची भीती का वाटते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय 1957 च्या रोम करारात शेतीवर जगणाऱ्या समाजाला रास्त राहणीमान मिळवून देणे हे या धोरणाचे एक उद्दिष्ट म्हणून नोंदवले गेले आणि आजच्या करारातही ते कायम आहे. हे उद्दिष्ट सामायिक असेल तर त्यासाठीचा पैसाही सामायिक नियमांनीच वाटला गेला पाहिजे. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्याला भरघोस देतो आणि गरीब देश देऊ शकत नाही अशी स्थिती आली, तर एकाच बाजारात विकणाऱ्या दोन शेतकऱ्यांमध्ये सरकारी तिजोरीच्या वजनावर स्पर्धा सुरू होईल, आणि आयर्लंडसारखा आपल्या गोमांस-दुधाचा फार मोठा हिस्सा निर्यात करणारा देश त्या स्पर्धेत कधी ना कधी भरडला जाईल.

इथपर्यंत आपले आणि माझे एकमत आहे. माझी तक्रार यापुढची आहे. निधी किती असावा आणि तो कोणत्या पेटीत असावा याबद्दल सरकार जितक्या ठामपणे बोलते, तितक्या ठामपणे तो कोणाला किती मिळावा याबद्दल बोललेले मला आढळत नाही. आणि ही अर्धी भूमिका घेऊन आयर्लंड अध्यक्षपदावर गेला, तर वाटणीचा प्रश्न यापूर्वी जसा दर वेळी शेवटच्या रात्री गुंडाळून ठेवला गेला तसाच याही वेळी ठेवला जाईल.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. 1991 साली युरोपीय आयोगाने एका टिपणात स्पष्ट लिहिले होते की, कृषी धोरणाचा 80 टक्के आधार 20 टक्के शेतांकडे जातो. त्या वेळी आयोगाचे कृषी आयुक्त होते पश्चिम आयर्लंडमधल्या स्लायगोचे रे मॅकशॅरी. 1992 साली त्यांनी ज्या सुधारणा घडवून आणल्या त्यांनी युरोपीय शेतीची घडीच बदलली. धान्याच्या आणि गोमांसाच्या हमीभावात मोठी कपात झाली आणि तिची भरपाई म्हणून थेट अनुदान सुरू झाले. पण भरपाई देताना मोठ्या शेतांना हात आखडता घ्यावा आणि लहान शेतांना पूर्ण द्यावी, हा मूळ प्रस्तावातला भाग मात्र मोठी शेते असलेल्या देशांच्या विरोधामुळे अंतिम तडजोडीत गळून पडला. त्यानंतर फेब्रुवारी 2013 च्या शिखर परिषदेत राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पावर सहमती करताना मोठ्या अनुदानांवरची कमाल मर्यादा प्रत्येक देशासाठी ऐच्छिक ठेवली. 2018 साली दुसरे आयरिश आयुक्त फिल होगन यांनी ती सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला आणि जुलै 2020 च्या चार-पाच दिवस रेंगाळलेल्या शिखर परिषदेत ती पुन्हा ऐच्छिकच करण्यात आली. पश्चिम आयर्लंडच्या मातीतून आलेल्या आयुक्ताने पस्तीस वर्षांपूर्वी जो अन्याय आकड्यांत मांडला होता, तो दूर करण्याची प्रत्येक संधी अशी हातची गेली आहे.

आता आयोगाने तोच मुद्दा पुन्हा आणला आहे. प्रस्तावानुसार क्षेत्राप्रमाणे मिळणाऱ्या उत्पन्न-आधाराच्या पहिल्या 20 हजार युरोंना हात लागणार नाही; 20 ते 50 हजारांच्या टप्प्यातून 25 टक्के, 50 ते 75 हजारांच्या टप्प्यातून 50 टक्के आणि त्यावरच्या रकमेतून 75 टक्के कापले जातील आणि कोणालाही वर्षाला एक लाख युरोंपेक्षा जास्त मिळणार नाही. या आकड्यांमुळे काही शेतकरी संघटनांनी रान उठवले आहे, म्हणून आपण ते आयर्लंडच्या शेतावर लावून पाहू. हेक्टरी आधाराची देशव्यापी सरासरी 130 ते 240 युरोंच्या दरम्यान असावी असे प्रस्तावात म्हटले आहे. यातला सर्वांत वरचा, 240 युरोंचा दर धरला तरी 33.4 हेक्टरांच्या सरासरी आयरिश शेताला सुमारे 8 हजार युरो मिळतील; 20 हजारांचा उंबरठा ओलांडण्यासाठी त्याच दराने 83 हेक्टर जमीन लागेल. ज्या शेतकऱ्याला आज 30 हजार युरो मिळतात त्याचे अडीच हजार कमी होतील, आणि एवढी रक्कम घेणारा शेतकरी या देशात अपवादानेच सापडतो. आयर्लंडने चालू योजनेत स्वतःहून 66 हजार युरोंची मर्यादा घातली आहे, म्हणजे एक लाखाची मर्यादा इथे कोणाला जाचक ठरण्याचा प्रश्नच येत नाही. मग या कपातीला आयर्लंडने आक्षेप घ्यावा तो कोणासाठी? पूर्व जर्मनीतल्या किंवा चेक प्रजासत्ताकातल्या हजारो हेक्टरांच्या कंपनी-शेतांसाठी असा आक्षेप घेण्याचे आयर्लंडला काहीच कारण नाही. उलट कपातीतून वाचणारा पैसा त्याच देशातल्या लहान आणि प्रत्यक्ष कसणाऱ्या शेतकऱ्यांकडे वळवण्याची सक्ती कायद्यात असावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

दुधाच्या शेतकऱ्यांविषयी इथे दोन शब्द लिहिणे मला भाग आहे, कारण माझा पगार त्यांच्या दुधातून येतो. 31 मार्च 2015 रोजी दुधाचा कोटा, म्हणजे उत्पादनावरची युरोपीय मर्यादा, संपला तेव्हा सरकारने, बँकांनी आणि दूध संघांनी मिळून त्यांना वाढायला सांगितले. त्यांनी कर्ज काढून गोठे बांधले, गाई वाढवल्या आणि देशाचे दूध उत्पादन काही वर्षांत सुमारे दीडपट झाले. आज त्याच वाढीबद्दल त्यांना नदीच्या पाण्यातले नायट्रेट आणि मिथेन यांचा हिशेब विचारला जातो. हिशेब विचारायलाच हवा, कारण देशाच्या हरितगृह वायूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक वाटा शेतीचा आहे. पण वाढायला सांगणाऱ्यांनी त्याची जबाबदारीही वाटून घ्यायला हवी. 2023 साली दुधाचे भाव कोसळले आणि देशातल्या शेतांचे सरासरी उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून खाली येऊन 20 हजार युरोंच्या आत गेले. तेव्हा टँकरवाल्यांच्या तोंडून गोठ्यागोठ्यांतली जी काळजी माझ्या कानावर येत होती, ती मी सांगलीतही ऐकलेली आहे. अशा वर्षासाठी क्षेत्रावर आधारलेले अनुदान काहीच कामाचे नसते, त्यासाठी बाजार कोसळल्यावर तातडीने उघडता येईल असा आपत्कालीन निधी हवा. आयोगाने त्यासाठी 6.3 अब्ज युरो सुचवले आहेत; सात वर्षे आणि सत्तावीस देश लक्षात घेता ही तरतूद तुटपुंजी आहे आणि ती वाढवून घेण्यासाठी आयर्लंडने आपली ताकद लावावी.

पर्यावरणाच्या तरतुदींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या प्रस्तावातला सर्वांत मोठा धोका मला तिथे दिसतो आणि त्यावर आयर्लंडकडे युरोपला दाखवण्यासारखे काही आहे.

आमच्या काउंटीच्या उत्तरेला बरेन नावाचा चुनखडीच्या उघड्या खडकांचा प्रदेश आहे. डोंगराळ प्रदेशांत सहसा गुरे उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात खाली गोठ्यात असतात. इथे उलटे आहे. चुनखडी उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवते आणि तिच्यावरची जमीन कोरडी राहते, म्हणून इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गाई ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास वरच्या खडकाळ कुरणांत नेतात आणि वसंतात खाली आणतात. गाईंनी हिवाळाभर वाळके गवत खाऊन जमीन मोकळी केली की, एप्रिल-मे मध्ये त्याच खडकांच्या फटींतून निळ्या जेन्शियनची आणि रानऑर्किडची फुले येतात. मधल्या काळात गुरांना मुरघास देण्याची पद्धत वाढली. तो एकाच जागी टाकला जाई, गाई तिथेच घोटाळत, चिखल होई, मुरघासाचे पाणी झऱ्यांत उतरे आणि बाकीचे कुरण न चरल्यामुळे झुडपांनी भरून जाई. 2005 मध्ये सुरू झालेल्या बरेनलाइफ प्रकल्पात शेतकरी आणि संशोधक एकत्र बसले, त्यांनी मुरघासाऐवजी थोडासा खुराक देण्याची रीत बसवली आणि पुढे अनुदानाची पद्धतच बदलली. प्रत्येक कुरणाला दरवर्षी दहापैकी गुण द्यायचे आणि गुण जितके जास्त तितके पैसे जास्त.

अशा गुणांकनाच्या वेळी एका शेतकऱ्याबरोबर मी कुरणभर फिरलो आहे. सल्लागार पायाखालचे जुने गवत हाताने बाजूला करून खालचा थर किती साचला आहे ते बघत होता, पाण्याच्या झऱ्याभोवती खुरांचे किती ठसे आहेत ते बघत होता, हेझलची झुडपे कुठवर सरकली आहेत याचा अंदाज घेत होता, आणि शेतकरी प्रत्येक गुणासाठी त्याच्याशी हुज्जत घालत होता, गेल्या वर्षी इथे सहा होते, या वर्षी सात का नाहीत म्हणून. काय करायचे ते त्याला कोणी सांगितलेले नव्हते, काय साधायचे ते ठरलेले होते आणि ते कसे साधायचे हे त्याच्या अनुभवावर सोडलेले होते. पर्यावरणाच्या नियमांवर चिडणारे शेतकरी मी पुष्कळ पाहिले आहेत. आपल्या कुरणातली फुले वाढावीत म्हणून चढाओढ करणारे शेतकरी मला तिथे भेटले. हीच गुणांची पद्धत चालू धोरणातल्या एकर्स या कृषी-पर्यावरण योजनेच्या एका भागात घेतली गेली, ही आपल्या खात्याने केलेली फार चांगली गोष्ट आहे.

नव्या प्रस्तावात सध्याची एक महत्त्वाची अट नाही. थेट अनुदानाच्या किमान 25 टक्के रक्कम पर्यावरणाच्या उपक्रमांसाठी ठेवण्याची सक्ती आज आहे, ती पुढे राहणार नाही. शिवाय पर्यावरणाच्या कामांसाठी प्रत्येक देशाने स्वतःच्या तिजोरीतून किमान 30 टक्के वाटा घालायचा आहे, तर क्षेत्राप्रमाणे दिल्या जाणाऱ्या उत्पन्न-आधारासाठी असा वाटा घालण्याची गरज नाही. पैशाच्या अडचणीत असलेले कोणतेही अर्थखाते या दोहोंतून काय निवडेल हे उघड आहे. चांगले काम करणाऱ्या शेतकऱ्याला देणे सरकारला महाग पडेल आणि नुसती जमीन बाळगणाऱ्याला देणे स्वस्त पडेल, अशी ही रचना आहे, आणि ती उलटी करण्याची मागणी आयर्लंडने पहिल्या दिवसापासून करायला हवी. परिणामांवर आधारित पर्यावरणीय कामांना राष्ट्रीय वाट्याची अट नसावी आणि त्यांच्यासाठी प्रत्येक देशाच्या शेतीनिधीतला किमान हिस्सा राखून ठेवलेला असावा, एवढे दोन मुद्दे मिळाले तरी बरेनमधला अनुभव युरोपभर नेता येईल.

यासंबंधी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. एकर्सच्या पहिल्या वर्षाचे पैसे हजारो शेतकऱ्यांना वेळेवर मिळाले नाहीत, संगणकप्रणाली तयार नसल्यामुळे हंगामी रक्कम द्यावी लागली आणि ज्यांना देय रकमेपेक्षा जास्त गेले होते त्यांच्याकडून ती नंतर परत घ्यावी लागली. गुणांची पद्धत कितीही चांगली असली तरी हप्ता चुकला की शेतकऱ्याचा विश्वास उडतो आणि तो पुन्हा हेक्टरी सरसकट रकमेची मागणी करू लागतो. नव्या धोरणाची अंमलबजावणी 2028 च्या जानेवारीत सुरू व्हायची असेल, तर प्रणाली तयार झाल्याखेरीज कोणतीही नवी योजना सुरू करणार नाही, असे वचन सरकारने आत्ताच द्यावे.

वृद्ध शेतकऱ्यांच्या प्रश्नावर माझे मत अनेक संघटनांपेक्षा वेगळे आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना 2032 पासून क्षेत्राप्रमाणे मिळणारा उत्पन्न-आधार बंद करावा असे प्रस्तावात आहे. आयर्लंडमध्ये शेताच्या प्रमुखांपैकी एक तृतीयांश जण 65 किंवा त्याहून अधिक वयाचे आहेत आणि 35 वर्षांखालचे जेमतेम 7 टक्के आहेत. आमच्याकडे जसे सातबारावरचे नाव आजोबांच्या हयातीत सहसा बदलत नाही, तसेच इथेही जमीन अखेरपर्यंत नावावर ठेवण्याकडे कल असतो. मध्ये अकरा महिन्यांच्या बोलीने ती खंडाने दिली जाते, आणि अकरा महिन्यांच्या भरवशावर कोणताही तरुण गोठा बांधत नाही की निचऱ्याचे चर खणत नाही. त्यामुळे या कलमाला नुसता विरोध करून थांबू नये, असे मला वाटते. सत्तरीच्या माणसाचा आधार एका तारखेला तोडणे क्रूर होईल, विशेषतः ज्याला वारस नाही त्याच्यासाठी. परंतु त्याने जमीन पाच-दहा वर्षांच्या कराराने तरुणाला दिली तर त्याचा आधार पुढची काही वर्षे चालू राहील आणि तरुणाला पहिल्या दिवसापासून पूर्ण हक्क मिळतील, अशी तरतूद करता येईल. दीर्घ मुदतीच्या खंडावर प्राप्तिकरात सूट देण्याचा आयर्लंडचा स्वतःचा अनुभव यासाठी हाताशी आहेच. कृषी खर्चाच्या किमान 6 टक्के रक्कम तरुण शेतकऱ्यांसाठी असावी, असे आयोगाने ऑक्टोबर 2025 मध्ये सुचवले आहे. आयर्लंडने ही शिफारस बंधनकारक करण्याचा आग्रह धरावा.

अध्यक्षपदाच्या काळात प्रत्यक्ष काय करता येईल, याबद्दल माझी सर्वांत ठोस विनंती अशी आहे. अर्थसंकल्पी आराखड्याला सर्व राष्ट्रप्रमुखांची एकमताने संमती लागते आणि त्यासाठी जो वाटाघाटीचा मसुदा तयार होतो, ज्याला ब्रसेल्समध्ये नेगोशिएटिंग बॉक्स म्हणतात, त्यावर अध्यक्षपदी असलेला देश काम करतो. 2013 आणि 2020 मध्ये कमाल मर्यादेचा निर्णय याच मसुद्यात घुसवला गेला. जो विषय कृषिमंत्र्यांनी आणि निवडून आलेल्या युरोपीय संसदेने एकत्र बसून ठरवायचा होता, तो बंद दाराआड एकेका देशाच्या नकाराधिकाराखाली गेला आणि तिथेच संपला. आयर्लंडच्या हातून तयार होणाऱ्या मसुद्यात एकूण रक्कम आणि देशनिहाय वाटा यांपलीकडे, शेतकऱ्याशेतकऱ्यांमधल्या वाटणीचे एकही कलम येऊ देऊ नये. तो विषय संसदेसोबतच्या नेहमीच्या कायदेप्रक्रियेतच राहील, असे आपण आणि पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी आधीच जाहीर करावे. असे करताना अध्यक्षपदाच्या निःपक्षपातीपणाला कुठेही बाधा येत नाही, कारण आपण कोणाच्या बाजूने निकाल देत नसून प्रश्न योग्य सभागृहात ठेवत आहात.

युरोपच्या कृषी धोरणाचे परिणाम युरोपच्या सीमेवर थांबत नाहीत, याची जाणीव मला भारतातल्या दूध धंद्यामुळे लवकर झाली. 1970 साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडच्या पहिल्या टप्प्याला भांडवल मिळाले ते युरोपीय समुदायाने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत देणगी दिलेल्या दूध भुकटीच्या आणि बटर ऑइलच्या विक्रीतून. युरोपात ती भुकटी शिल्लक होती म्हणून आली. ती बाजारात स्वस्तात ओतली गेली असती तर भारतातले दूध उत्पादक उभेच राहिले नसते. व्हर्गीस कुरियन यांनी तिच्या विक्रीचे पैसे सहकारी संघ उभारण्यासाठी वापरले, म्हणून तिच्यातून भले झाले. आज वनस्पती तेल मिसळलेली आयरिश दूध भुकटी पश्चिम आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर जाते आणि तिथल्या दूध उत्पादकांना तिच्या भावाशी टक्कर द्यावी लागते. मी ज्या धंद्यात आहे त्याचाच हा भाग असल्यामुळे हे लिहिताना मला अवघड वाटते, तरी नव्या धोरणात अशा परिणामांची नियमित तपासणी करण्याचे कलम असावे, अशी माझी विनंती आहे.

आपण स्वतः किल्डेअरमधल्या शेतकरी घरातले आहात, तेव्हा ही सारी गणिते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. त्यामुळे शेवटी एवढेच मागतो : 1 जुलैपूर्वी सरकारने आपली लेखी भूमिका आयर्लंडच्या संसदेच्या कृषी समितीसमोर ठेवावी आणि तिच्यासोबत एक काउंटीनिहाय तक्ता जोडावा. आयोगाचा प्रस्ताव, सध्याची पद्धत आणि सरकारला हवी असलेली पद्धत या तिन्हींमध्ये 15, 30, 60 आणि 120 हेक्टरांच्या शेताला वर्षाला किती युरो मिळतील, त्यातले किती पर्यावरणाच्या कामाचे असतील आणि ते कोणत्या महिन्यात मिळतील, हे त्या तक्त्यात असावे. त्यावर एक जाहीर सुनावणी डब्लिनला आणि दुसरी पश्चिमेकडच्या एखाद्या मार्टमध्ये घ्यावी, तीही संध्याकाळी, कारण इथले बरेच शेतकरी दिवसा दुसरी नोकरी करतात.

कळावे,

आपला नम्र,
क्लेअर काउंटीतील एक मराठी रहिवासी